नारळ उभा राहतो, पण पाण्यामुळे नाही

सांगोला-मंगळवेढ्याकडे बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला की खाली झरा आहे, असा समज.

आडवा नारळ तळहातावर मुळात डळमळीतच असतो. बोटं किंचित वाकली की तो उठतो, आतलं पाणी हिंदकळून भर घालतं. ही हालचाल पाणाड्याच्याही नकळत होते, त्यामुळे तो लबाडच असतो असं नाही. तपासायचंय? नारळ उभा राहिला तिथे खुंटी ठोका, मग डोळे बांधून, वाट बदलून त्यालाच पुन्हा फिरवा. जर्मनीत कासेल इथे 1990 साली जमिनीत पाइप पुरून अशीच चाचणी झाली. पाणी वाहतंय की नाही, हे पाणाड्यांना अंदाजापलीकडे सांगता आलं नाही.

मग बोअर लागतं कसं? सोलापूरच्या काळ्या पाषाणात पाणी मुरमात आणि भेगांत साठतं, बऱ्याच ठिकाणी थोडंफार मिळतंच. लागलेलं बोअर गावभर होतं, कोरडं गेलेलं ‘अजून खोल जायला हवं होतं’ म्हणून माफ!

भूजलतज्ज्ञ चार खुंट्या रोवून बाहेरच्या दोनांतून वीज सोडतात, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजतात. ओला मुरूम कमी रोध दाखवतो, कोरडा पाषाण जास्त. खात्री तेही देत नाहीत.