‘सहायक’ कोणाला म्हणायचं? कॉलेज फुटबॉलमधल्या एका नोकरीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाने फुटबॉलचा (आपल्याकडचा नव्हे, अमेरिकन फुटबॉलचा) मुख्य प्रशिक्षक काढला की बातमी एकाची होते आणि बिऱ्हाडं दहा-बारा हलतात. सहायकांची नोकरी कागदोपत्री विद्यापीठाची असली, तरी प्रत्यक्षात ती मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीला बांधलेली असते. या सहायकांमध्ये नेमकं कोणाला धरायचं, हा घोळ मात्र जवळपास पन्नास वर्षं चालला. जून २०२४ मध्ये वरच्या श्रेणीतल्या संघांसाठी एक नियम शिथिल झाला आणि संघाच्या पगारपत्रकावरचा कोणीही कर्मचारी मैदानावर खेळाडूंना शिकवायला मोकळा झाला. तोवर ते मोजक्या माणसांचंच काम होतं.

पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८६९ चा. तेव्हा संघ कर्णधार चालवायचा. प्रशिक्षक नंतर आले, त्यांचे मदतनीस त्याहून नंतर, आणि त्यातले बरेचसे माजी विद्यार्थी. मदतनीसाचा हुद्दा झाला तो खेळाडू बदलण्याच्या नियमामुळे. १९४१ मध्ये खेळाडू हवे तेव्हा बदलण्याची मुभा मिळाली. १९४५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने आर्मीविरुद्ध, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध, आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी अशी विभागणी करून पाहिली. मिशिगन २८-७ असा हरला, पण कल्पना टिकली. १९५३ मध्ये ही मुभा काढून घेतली गेली आणि १९६५ मध्ये पूर्णपणे परत आली. दोन स्वतंत्र तुकड्या म्हटल्यावर प्रत्येक जागेला वेगळा शिकवणारा लागणारच. बचावाच्या आघाडीचा एक, पास झेलणाऱ्यांचा दुसरा आणि या सगळ्यांवर आक्रमणाचा व बचावाचा एकेक कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या तुकडीचा प्रमुख सहायक. आज आपण जी शिडी पाहतो ती इथून सुरू झाली.

माणसं वाढली तसा खर्च वाढला. १९७५ च्या सुमारास देशपातळीवरच्या नियामक संघटनेने फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या सहायकांच्या संख्येवर मर्यादा घातली. अलाबामा विद्यापीठातले दोन सहायक कोर्टात गेले. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने संघटनेच्या बाजूने कौल दिला. खर्चाला आवर घालणं आणि श्रीमंत-गरीब कॉलेजांतली दरी कमी करणं हा हेतू न्यायालयाला वाजवी वाटला. ज्यांची नोकरी त्या आकड्यात बसली नाही, त्यांच्या वाट्याला काय आलं हे या वाजवीपणात कुठे दिसत नाही.

खरी ठिणगी पडली १९९१ मध्ये. संघटनेने ‘मर्यादित कमाईचा प्रशिक्षक’ नावाचा नवाच प्राणी जन्माला घातला. त्याला वर्षाला १६ हजार डॉलरच्या वर द्यायचं नाही. त्यातले १२ हजार शैक्षणिक वर्षाचे, ४ हजार उन्हाळ्याचे. ही पगाराची मर्यादा फुटबॉल वगळून इतर खेळांना होती, आणि दावा लावला बास्केटबॉलवाल्यांनी. तरीही फुटबॉलच्या सहायकाची गोष्ट सांगताना हा खटला टाळता येत नाही, कारण सहायकाच्या श्रमाला बाजारभाव असतो हे त्यात ठरलं. संघटनेचं म्हणणं होतं की या जागा नवख्यांना शिकायला आहेत. पण त्या जागांवर नवखेच बसतील अशी तजवीज नियमात नव्हती. अनुभवी माणसंही त्याच १६ हजारांत काम करत होती. १९९८ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने ही मर्यादा स्पर्धाविरोधी ठरवली. त्याच वर्षी मे महिन्यात ज्यूरीने सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास नुकसानभरपाई ठरवली. स्पर्धाविषयक कायद्यानुसार तिचे तिप्पट, म्हणजे जवळपास ६ कोटी ७० लाख झाले. १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाखांवर तडजोड झाली.

१९७७ चा आणि १९९८ चा निकाल शेजारी ठेवून वाचले तर अर्थ सरळ आहे. माणसं किती ठेवायची ते संघटना ठरवू शकते, पगार किती द्यायचा ते नाही. पुढचं सगळं या फटीतून वाढलं.

कारण संख्येची मर्यादा फक्त ‘प्रशिक्षक’ या नावाला होती. वरच्या श्रेणीत बराच काळ नऊ सहायक चालत, २०१८ च्या जानेवारीपासून दहा. त्यांच्याखाली ग्रॅज्युएट असिस्टंट, आधी दोन, पुढे चार. त्याने पदव्युत्तर वर्गात नाव घालायचं, फी माफ आणि वर थोडंसं विद्यावेतन. बदल्यात रात्रभर प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांच्या फिल्मची चिरफाड करायची आणि सकाळी सरावासाठी त्यांच्या चालींची कार्डं काढून तयार ठेवायची. मोठमोठ्या प्रशिक्षकांची सुरुवात अशी झाली आहे, हे अभिमानाने सांगितलं जातं. ज्यांची सुरुवात तिथेच संपली त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

मोजणीबाहेरचा माणूस म्हणजे ‘ॲनालिस्ट’. हा फिल्म पाहणार, योजना आखणार, प्रशिक्षकांच्या बैठकीत बसणार. पण खेळाडूला पाय कुठे टाकायचा ते सांगणार नाही. सांगितलं तर तो प्रशिक्षक झाला आणि आकडा ओलांडला. नियमाचा हा भाग हास्यास्पद होता, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रीमंत विद्यापीठांनी मात्र त्याचं सोनं केलं. अलाबामाच्या गाजलेल्या मुख्य प्रशिक्षकाने इतरत्र हकालपट्टी झालेल्यांना या पदावर आणून बसवलं. त्यातला एक २०१६ मध्ये ॲनालिस्ट म्हणून आला, जानेवारी २०१७ च्या अंतिम सामन्यात आक्रमणाची सूत्रं त्याच्या हाती होती, आणि २०२१ मध्ये तो टेक्सासचा मुख्य प्रशिक्षक झाला. दुसरा २०१८ मध्ये ३५ हजार डॉलरवर काम करत होता, कारण टेनेसीकडून मुदतीआधी काढल्याबद्दल ८० लाखांच्या वर येणं बाकी होतं. नव्या नोकरीतली कमाई त्या रकमेतून वजा होते, मग जास्त पगार मागून त्याला काय मिळणार?

शिडीच्या वरच्या टोकाला भलतंच चित्र. २००९ मध्ये टेनेसीच्या बचाव-कोऑर्डिनेटरचा पगार १० लाख डॉलरच्या पलीकडे गेला तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. २०१८ मध्ये लुईझियाना स्टेटने बचाव-कोऑर्डिनेटरशी चार वर्षांचा एक कोटीचा करार केला, तोवर भुवया खाली आल्या होत्या. पण कोऑर्डिनेटरच्या खोलीपर्यंत सगळ्यांना सारखं पोहोचता येत नव्हतं. कृष्णवर्णीय सहायकांना वर्षानुवर्षं नवे खेळाडू भरती करण्याच्या कामाला जुंपलं जाई आणि बढतीच्या वेळी मागे ठेवलं जाई. वरच्या श्रेणीतला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक १९७९ मध्ये विचिटा स्टेटला नेमला गेला. दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या सर्वांत मातब्बर गटात तो दिवस उजाडायला २००३ चा डिसेंबर यावा लागला, तोही मिसिसिपी स्टेटमध्ये.

२०२४ च्या निर्णयाने ॲनालिस्टचं तोंड मोकळं केलं. मात्र कॅम्पसबाहेर जाऊन शाळकरी खेळाडूंच्या घरी-मैदानावर भरतीसाठी फिरण्याची परवानगी मुख्य प्रशिक्षक आणि दहा सहायकांपुरतीच ठेवली. म्हणजे यादी अजून आहे, फक्त तिच्यावरचा माणूस आता शिकवण्यावरून नव्हे, प्रवासावरून ओळखायचा.