बुळकांडी गेली कशी, आणि लसीची गाडी दर सहा महिन्यांनी का येते

परवा गावात लसीकरणाची गाडी आली तर निम्म्या लोकांनी सकाळीच जनावरं रानात हाकलली होती. विचारलं तर म्हणे लस टोचली की दूध कमी होतं. होतं ना, खोटं नाहीये ते, दोन तीन दिवस जरा कमी येतं, एखादीला कणकण येते, टोचलेल्या जागी गाठ धरते. पण त्या दोन तीन दिवसांच्या दुधासाठी आपण काय पणाला लावतोय ते कळायचं तर थोडं मागे जावं लागेल.

बुळकांडी म्हणजे गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, आमचे आजोबा तिचं नाव घेताना आवाज खाली करायचे. आधी कडक ताप, मग डोळ्यानाकातून पाणी, मग तोंडात कोंडा चिकटल्यासारखे पांढरे चट्टे, चारा बंद, आणि शेवटी ती घाण वासाची पातळ हगवण, तिच्यावरूनच तर नाव पडलं. आठ दहा दिवसांत जनावर आडवं, आणि एक आजारी पडलं की अख्खा गोठा रिकामा व्हायचा, पेरणीला बैल कुठून आणायचा मग?

हा रोग इतका मोठा होता की जगातली पहिली पशुवैद्यकीय शाळा, फ्रान्समधल्या लिऑनची, 1761 मध्ये निघाली ती मुख्यतः याच्याशी लढायला. आपल्याकडे 1889 मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, पण असले जंतू भर वस्तीत नको म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली, आजची इज्जतनगरची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, ती हीच. मुक्तेश्वरलाच 1920 च्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू शेळीतून शेळीत असा पुन्हा पुन्हा नेऊन गाईबैलांसाठी सौम्य केला आणि त्याची लस झाली. 1954 पासून देशभर मोहीम, गावोगावी बर्फाचा डबा घेऊन फिरणारे लोक, आणि 1995 नंतर देशात एकही केस नाही. 2006 मध्ये भारत आणि 2011 मध्ये सगळं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर पूर्ण संपवलेला हा दुसराच रोग, आणि आज पंचवीस तीस वर्षांच्या पोरांना तो शब्दसुद्धा माहीत नाही!

आता कोणी म्हणेल मग लाळ्या खुरकूत, तो गुरांच्या तोंडाखुरांचा रोग, का नाही संपत? तर बुळकांडीचा विषाणू लसीच्या दृष्टीने एकच होता आणि एकदा टोचलं की जनावराला जवळपास जन्मभर पुरायचं. लाळ्या खुरकूताचे जगात सात प्रकार, आपल्याकडे मुख्यतः ओ, ए आणि एशिया-1, आणि लसीची ताकद टिकते साधारण सहा महिने, म्हणून गाडी वर्षातून दोनदा येते. 2019 पासून याची मोठी केंद्रीय योजना चालू आहे, कानातला तो बारा आकडी पिवळा बिल्ला त्या नोंदीसाठीच, तो कापून टाकू नका प्लीज.

आता लम्पी बघा, अंगावर गाठी उठवणारा गुरांचा रोग. 1929 मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, पहिल्यांदा दिसला आणि आपल्याकडे ओडिशात पोचायला त्याला 2019 उजाडलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला, मग बाजार बंद, बाधित गावाच्या पाच किलोमीटर परिघात लसीकरण, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस वापरली गाईंना. मेलेल्या दुभत्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार मदत मिळाली, पण चांगली गाय तेवढ्यात येत नाही हे आपल्याला माहितीये. आणि तेव्हाही धावपळ झाली ती गाठी दिसल्यावरच.

लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन तीन आठवडे लागतात, त्यामुळे शेजारच्या गावात रोग आला की मग डॉक्टरला फोन करून उपयोग नाही. घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांची लस पावसाआधी, मे महिन्यातच उरकून घ्या, कारण घटसर्पात सकाळी घसा सुजलेला दिसतो आणि कधी कधी संध्याकाळपर्यंत जनावर हातचं जातं. जंताचं औषध लसीच्या दोन तीन आठवडे आधी पाजा. ताप असलेलं किंवा चारा सोडलेलं जनावर असेल तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा, ते पुढची तारीख देतील. आणि बाजारातून आणलेलं नवीन जनावर किमान तीन आठवडे वेगळं बांधा, त्याची बादली पण वेगळी ठेवा.