मँचेस्टर युनायटेड खालच्या श्रेणीत गेले ते डेनिस लॉच्या टाचेमुळे नव्हे

२७ एप्रिल १९७४ रोजी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मँचेस्टर सिटीच्या डेनिस लॉने टाचेने मारलेल्या गोलामुळे, ज्या युनायटेडसाठी त्याने २३७ गोल केले होते तेच युनायटेड इंग्लिश फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीतून बाहेर फेकले गेले, ही कथा अजूनही सर्रास सांगितली जाते. गोल खरा आहे, १-० हा निकालही खरा आहे. मात्र कार्यकारणभाव चुकीचा आहे.

विजयाला तेव्हा दोनच गुण मिळत. त्या सकाळी युनायटेडचे ३२ गुण होते आणि दोन सामने उरले होते, म्हणजे दोन्ही जिंकूनही मजल ३६ पर्यंतच गेली असती. त्याच दुपारी बचावासाठी झगडणाऱ्या बर्मिंगहॅम सिटीने नॉर्विचला २-१ हरवून ३७ गुण गाठले. शिवाय त्याच हंगामापासून दोनऐवजी तीन संघ खाली जाऊ लागले होते, त्यामुळे ३६ गुण मिळवणारे साउथहॅम्प्टनसुद्धा वाचले नाही.

गैरसमज रुजला तो बहुधा त्या दृश्यामुळे: सहकारी फ्रान्सिस लीचा पास, पाठमोऱ्या लॉची टाच, आणि मग जल्लोष न करता खाली मान घालून मैदान सोडणारा तो. पाठोपाठ प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना थांबवावा लागला. निकाल मात्र कायम राहिला.