ईश्वरी आनंद (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

ईश्वरी आनंद : पापी मनुष्य पश्चात्ताप करून परतला की देव हर्षित होतो, तारण (पापातून सुटका) देणे हे त्याच्या आवडीचे कार्य आहे, ही ख्रिस्ती धर्मातील धारणा. तिचा मुख्य आधार बायबलच्या नव्या करारातील लूककृत शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय. येशू जकातदार व पापी लोकांच्या पंक्तीला बसतो म्हणून परुशी व शास्त्री हे यहुदी धर्मनिष्ठ कुरकुर करतात. उत्तरादाखल तो हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि उधळ्या पुत्र (बापाची मालमत्ता उडवून परत येणारा मुलगा) हे तीन सुपरिचित दृष्टांत सांगतो. जुन्या करारात याची पूर्वपीठिका आहे. दुष्टाच्या मरणात देवाला संतोष नाही, असे यहेज्केल सांगतो (१८:२३, ३३:११), सफन्याच्या ग्रंथात तर देव आपल्या लोकांमुळे गाऊन उल्लासतो (३:१७).

‘देव आनंदतो’ असे थेट विधान मात्र लूकच्या या अध्यायात नाही. एका पाप्याच्या पश्चात्तापाने ‘स्वर्गात’ आनंद होतो (१५:७) आणि तो ‘देवाच्या दूतांसमोर’ होतो (१५:१०), एवढेच तेथे म्हटले आहे. आनंदणारे ते देवदूतच, असा अर्थ परंपरेने पुष्कळदा घेतला. देवाचे नाव उच्चारणे टाळण्याची यहुदी रीत लक्षात घेता ‘स्वर्ग’ म्हणजे देवच, असे योआखिम येरेमियास व इतर विसाव्या शतकातील भाष्यकार मानतात. दृष्टांतांत मेंढपाळ, बाई आणि बाप यांना आधी स्वतःलाच आनंद होतो, शेजारी व घरचे नंतर त्यात सामील होतात. हे पाहता दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

मेंढराचा दृष्टांत मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे (१८:१२–१४), पण तेथे तो शिष्यांना उद्देशून असून रोख समाजातील ‘लहानग्यां’वर आहे, मेंढपाळ आनंदतो, स्वर्गातील आनंदाचा उल्लेख नाही. दोन्ही लेखकांनी ‘क्यू’ नावाच्या कल्पित वचनसंग्रहातून तो घेतला असावा, असे बहुतेक अभ्यासक धरतात. मूळ रूप कोणाकडे अधिक टिकले याविषयी एकमत नाही. लूकचे लेखन सामान्यतः इ. स. ८०–९० च्या सुमाराचे मानतात. काही जण ते ७० पूर्वी, तर काही दुसऱ्या शतकाच्या आरंभी नेतात. नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या कॉप्टिक हस्तलिखितांतील, बायबलमध्ये नसलेल्या थोमाच्या शुभवर्तमानात (वचन १०७) हरवते ते कळपातले सर्वांत मोठे मेंढरू, आणि मेंढपाळ त्याला ‘नव्याण्णवांपेक्षा तू मला प्रिय’ असे सांगतो. मोठे म्हणून शोधले, असे कारण जोडले की सामान्य मेंढरासाठीच्या हर्षाचे नवल उरत नाही. त्यामुळे हे रूप नंतरचे असण्याचा संभव अधिक. एपिफॅनियसच्या (चौथे शतक) म्हणण्यानुसार दुसऱ्या शतकातील पाखंडी ठरलेल्या मार्सियनच्या लूक-संहितेत उधळ्या पुत्राचा दृष्टांत नव्हता.

अविकारी (ज्याच्यात बदल वा भावविकार होत नाहीत अशा) देवाला आनंद होतो कसा, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न ग्रीक विचाराच्या संपर्कातून तीव्र झाला. टॉमस अक्वायनस (तेरावे शतक) म्हणतो, आनंद हा केवळ देहाचा विकार नाही, ती इच्छाशक्तीचीही क्रिया आहे. म्हणून तो देवाच्या ठिकाणी शब्दशः संभवतो, दुःख व क्रोध मात्र लक्षणेनेच. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या मते पवित्र शास्त्र दाईच्या बोबड्या बोलासारखे माणसाच्या कुवतीला उतरून बोलते. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये देवाच्या अविकारित्वाचीच चिकित्सा केली, पण त्यांचा भर आनंदापेक्षा क्रुसावरील वेदनेवर होता.

कॅल्व्हिनच्या परंपरेतील सुधारित (रिफॉर्म्ड) पंथात वादाला वेगळे वळण लागले. देवाने तारणासाठी काहींचीच निवड केली असेल, तर सर्वांपुढे ठेवलेले तारण तो मनापासून देऊ करतो काय? डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) उत्तर दिले की, ज्यांना बोलावणे जाते त्यांनी यावे हे देवाला खरोखरच आवडते. अमेरिकेत ख्रिश्चन रिफॉर्म्ड मंडळाच्या १९२४ च्या कॅलमझू धर्मसभेनंतर हा वाद पुन्हा पेटला. हर्मन हुक्सेमा यांनी ‘सर्वांना देऊ केलेले तारण’ ही कल्पना नाकारली व त्यांच्या अनुयायांचे निराळे मंडळ झाले. ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन मंडळापुढे १९४८ मध्ये आलेल्या, जॉन मरे व नेड स्टोनहाउस यांच्या अहवालाने यहेज्केलच्या वरील वचनांचा आधार घेऊन उलट बाजू मांडली.

उपासनेत रोमन कॅथलिक पंचांगाच्या तीन वर्षांच्या पाठचक्रातील ‘क’ वर्षात उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राचा पाठ वाचतात. त्या दिवशी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रे घालू शकतात. बायझंटाइन (पौर्वात्य ख्रिस्ती) परंपरेत महाउपवासापूर्वीचा एक रविवार या पुत्राच्या नावाने आहे. चित्रकलेत रेम्ब्रांटचे या विषयावरील उत्तरकालीन चित्र (सु. १६६८, हर्मिटाज, सेंट पीटर्सबर्ग) विख्यात आहे.