एचडी की पीपी? गोणीवरच्या तिरप्या रेषेमागचा हिशेब

सिमेंटच्या ५० किलोच्या विणलेल्या गोणीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ११६५२. त्याच्या नावातच ‘एचडीपीई/पीपी’ असं छापलंय. एचडीपीई, बोलताना नुसतं ‘एचडी’, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिइथिलीन; पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मधल्या तिरप्या रेषेचा अर्थ, दोन्हीपैकी काहीही चालेल. निविदा लिहिणाऱ्यांनी ती रेषा उचलली, खतवाल्यांनी उचलली, आणि आज ‘एचडीपीई बॅग’ म्हणून मिळणारी गोणी बहुतेक वेळा पीपीची असते. पूर्वी या गोण्या खरोखर एचडीच्या पट्टीच्या विणायचे. पुढे पीपीची राफिया, म्हणजे विणायची सपाट पट्टी, तेवढ्याच वजनात जास्त ओढ सोसते म्हणून मागावर ती चढली, नाव मात्र जुनंच राहिलं.

गोणीपुरतं हे खपून जातं. पण प्लास्टिकचा कच्चा दाणा विकत घेऊन वस्तू बनवणाऱ्या मोल्डरला किंवा पेट्रोकेमिकलच्या शेअरकडे बघणाऱ्याला ही रेषा महागात पडू शकते. दोन्हींचा दाणा पांढरट, दोन्ही पाण्यावर तरंगतात, जाळले तर दोन्हींना विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. तरी दोन्ही वेगळ्या वाटेने येतात, आणि त्यांच्या भावाची दोरी वेगळ्या हातात आहे.

आधी रसायन, थोडक्यात. पॉलिइथिलीन म्हणजे दोन कार्बनच्या इथिलीनची लांब, साधी साखळी. प्रोपिलीनमध्ये तिसरा कार्बन असतो, त्यामुळे पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एक सोडून एक कार्बनवर मिथिल गट लोंबतो. हे मिथिल कसेही वाकडेतिकडे बसले तर हाती चिकट लगदा येतो. सगळे एकाच बाजूला ओळीने बसले तर साखळ्या नीट रचल्या जातात आणि कडक, स्फटिकी प्लास्टिक तयार होतं. कार्ल झिग्लर यांनी १९५३ मध्ये जर्मनीत म्युलहाइमला कमी दाबाखाली पॉलिइथिलीन बनवलं. त्याच जातीचा उत्प्रेरक वापरून मिलानमध्ये ज्युलिओ नाता यांनी मार्च १९५४ मध्ये ओळीत बसलेलं पॉलिप्रॉपिलीन मिळवलं. १९६३ चं नोबेल दोघांना मिळून. (अमेरिकेत फिलिप्स कंपनीचे होगन आणि बँक्स १९५१ मध्येच स्फटिकी पीपीपर्यंत पोचले होते. ते प्रोपिलीनपासून पेट्रोलचे घटक बनवायला निघाले होते. पेटंटचं भांडण मग पुढची तीसेक वर्षं चाललं.)

त्या एका मिथिलचे परिणाम घरातही दिसतात. एचडी साधारण १३० अंशांना वितळतं, पीपी १६० च्या पुढे. म्हणून १२१ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करायची वस्तू पीपीची करतात आणि मायक्रोवेव्हचा डबाही पीपीचा असतो. उलट थंडीत साधं पीपी शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होतं, एचडीला त्याचं काही वाटत नाही. ज्या कार्बनवर मिथिल बसतो तिथला हायड्रोजन सहज निघतो, म्हणून उन्हात पीपी लवकर हार मानतं. पत्र्यावर वर्षभर पडलेली गोणी उचलायला जावं तर हातात भुगा येतो, तो याच कारणाने. शेडनेट आणि शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं अस्तर एचडीचं घेतात त्याचंही उत्तर इथे आहे. पीपीमध्ये ऊन सोसणारी रसायनं घालता येतात, पण ती घातली आहेत की नाहीत हे गोणीकडे बघून कळत नाही.

ओळखायचं कसं? पाणी इथे निरुपयोगी. शाम्पूच्या बाटलीच्या अंगाचा एक तुकडा कापा, तिच्या टिचकीने उघडणाऱ्या झाकणाचा एक, आणि दोन्ही वाटीभर शेंगदाणा तेलात बोटाने बुडवून सोडा, हवेचे बुडबुडे झटकून. बाटली बहुधा एचडीची, घनता ०.९५ च्या आसपास: तुकडा तळाला जातो. झाकण पीपीचं, ०.९० ते ०.९१: तो सावकाश वर येतो, कारण तेल या दोघांच्या मध्ये आहे. बिजागरी पुन्हा पुन्हा दुमडूनही तुटत नाही, ही पीपीचीच खासियत. अर्थात चॉक किंवा टाल्क मिसळलेलं पीपीही बुडतं, तेव्हा अशी भर असू शकणाऱ्या प्लास्टिक खुर्चीच्या तुकड्यावर ही चाचणी करू नका. रिसायकलवाल्यांची खरी डोकेदुखी हीच आहे: पाण्याच्या टाकीत दोन्ही एकत्र तरंगतात, एकत्र वितळवले तर एकमेकांत मिसळत नाहीत आणि दाणा कमजोर निघतो.

आता कारखान्यात. एचडीची प्रक्रिया लवकर बसली. पीपीला वेळ लागला, कारण सुरुवातीचे उत्प्रेरक आळशी होते. चिकट लगदा वेगळा काढा, उत्प्रेरकाचा उरलेला अंश धुवा, सॉल्व्हंट परत मिळवा, असा सगळा खर्चाचा पसारा. मॅग्नेशियम क्लोराइडवर बसवलेले उत्प्रेरक आले आणि १९८० च्या दशकापर्यंत हा पसाराच गेला. स्फेरिपोलसारख्या प्रक्रियेत सॉल्व्हंट वेगळं लागत नाही. साधारण ७० अंशांना, दाबाखाली द्रव असलेलं प्रोपिलीन वळणाच्या पाइपातून फिरत राहतं आणि त्यातच दाणे वाढतात. युनिपोल आणि नोव्होलेन या प्रक्रिया हेच काम वायुरूप प्रोपिलीनमध्ये करतात. बॅटरीच्या खोक्याला किंवा बंपरला लागणारं दणकट पीपी करायचं असेल तर तयार कण दुसऱ्या रिॲक्टरमध्ये नेऊन त्यांच्या पोटात इथिलीन-प्रोपिलीनचं रबर वाढवतात. म्हणजे पीपीच्या दाण्यातही इथिलीन असू शकतं. गोंधळात भर!

पण तंत्रज्ञान आज कोणीही पैसे मोजून घेऊ शकतो. फरक पडतो तो कच्च्या मालात, आणि माझ्या मते या दोघांमधला खरा भेद तिथेच आहे. इथिलीनसाठी क्रॅकर बांधतात, म्हणजे नाफ्था (कच्च्या तेलातला हलका भाग) किंवा इथेन वायू तापवून त्याचे रेणू तोडणारा कारखाना. प्रोपिलीन मात्र बराच काळ दुसऱ्याच्या धंद्यातून उरणारा माल होता. १०० टन नाफ्था क्रॅक केला तर सुमारे ३० टन इथिलीन आणि १५ टनांच्या आसपास प्रोपिलीन मिळतं. १०० टन इथेन क्रॅक केलं तर इथिलीन ८० टनांच्या घरात, प्रोपिलीन जेमतेम दोन-तीन टन. उरलेलं प्रोपिलीन रिफायनरीच्या कॅटॅलिटिक क्रॅकरमधून, पेट्रोल बनवता बनवता. त्यामुळे अमेरिकेत शेल खडकांतला, इथेन असलेला वायू (शेल गॅस) आला, क्रॅकर इथेनकडे वळले आणि पॉलिइथिलीन स्वस्त झालं, तेव्हा प्रोपिलीनची चणचण झाली. एकाच घटनेने एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग केलं. ही दोघं एकमेकांची सावली असती तर असं झालं नसतं.

ही चणचण भरून काढायला पीडीएच आलं, म्हणजे प्रोपेनमधून हायड्रोजन काढून थेट प्रोपिलीन. उत्प्रेरकावरून ६०० अंशांच्या आसपास प्रोपेन सोडायचा. ओलेफ्लेक्स नावाच्या प्रक्रियेत उत्प्रेरक प्लॅटिनमचा, कॅटोफिन नावाच्या प्रक्रियेत क्रोमियमचा. उष्णता ओतत राहावी लागते आणि उत्प्रेरकावर कार्बन साचतो, म्हणून तो सतत जाळून साफ करावा लागतो.

दोन्ही वाटा एका रायगड जिल्ह्यात बघायला मिळतात. नागोठण्याचा क्रॅकर आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने बॉम्बे हायच्या वायूवर उभारला, पुढे तो रिलायन्सकडे आला. २०१७ पासून रिलायन्स अमेरिकेतून इथेन आणते, ते दहेजला उतरतं आणि पाइपलाइनने नागोठण्यापर्यंत येतं. ही वाट मुख्यतः पॉलिइथिलीनची. तिकडे अलिबाग तालुक्यात उसरला ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीने वर्षाला ५ लाख टनांचा पीडीएच-पीपी प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी भारत पेट्रोलियमशी १५ वर्षांचा करार झाला: उरणच्या आयात टर्मिनलवरून वर्षाला ६ लाख टन प्रोपेन. कागदावरच्या रसायनाप्रमाणे ४४ किलो प्रोपेनमधून ४२ किलो प्रोपिलीन निघायला हवं, म्हणजे ५ लाख टनांना सव्वापाच लाख पुरे. करारातला आकडा ६ लाखांचा आहे. मधली तफावत मुख्यतः बाजूच्या अभिक्रिया, कार्बन आणि जळण यांत जाते. प्रोपेनचा भाव चढला की तो पीपीच्या खर्चात १.२ पट होऊन उतरतो.

हा प्रोपेन म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलाच एक घटक. त्याचा आशियातला भाव सौदी अराम्को दरमहा जाहीर करते त्या ‘सीपी’वर, म्हणजे कराराच्या भावावर, हलतो, आणि हिवाळ्यात जगभरची घरं तापवायला मागणी वाढली की चढतो. भारत एलपीजीचा मोठा आयातदार आहे. म्हणजे पीपीचा दाणा आता सिलिंडरच्या रांगेत येऊन उभा राहिलाय. एचडीच्या दाण्याला ही रांग नाही. तो इथेन, नाफ्था आणि जहाजभाड्याकडे बघतो.

पुढचं चित्र या फरकातूनच वाचावं. चीनने गेल्या दहा वर्षांत पीडीएचचे कारखाने एवढे बांधले की मागणीपेक्षा पीपी जास्त झालं, बरेच कारखाने अर्धवट क्षमतेवर चालतात आणि नफा वारंवार उणे जातो. त्यांचा बराचसा प्रोपेन अमेरिकेचा. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिका-चीन शुल्कयुद्ध पेटलं तेव्हा या कारखान्यांची झोप उडाली, ती त्यामुळेच. चीनचा जादा माल दक्षिण आशियाकडे सरकतो, आणि आपल्याकडे पीपीचा भाव शेवटी आयातीच्या भावाला बांधलेला असतो.

आपल्याकडे पीपीची मागणी वाढतेय यात शंका नाही, आणि तिचा मोठा वाटा आजही राफियाचा. १९८७ च्या कायद्याने धान्य आणि काही प्रमाणात साखर तागात भरण्याची सक्ती नसती तर तो आणखी वाढला असता. दहेजला पेट्रोनेट या वायू आयात करणाऱ्या कंपनीचाही पीडीएच-पीपी प्रकल्प ठरलाय. पण माझी पसंती रिफायनरीच्या पीपीला आहे. भारत पेट्रोलियमनेच मंजूर केलेले दोन प्रकल्प शेजारी ठेवा: कोचीला ४ लाख टन पीपी, खर्च सुमारे ५ हजार कोटी, बीनाला पॉलिइथिलीनसह मोठा क्रॅकर, रिफायनरीच्या विस्तारासकट सुमारे ४९ हजार कोटी. कोचीत प्रोपिलीन रिफायनरीतूनच निघतं, फक्त ते जाळायचं की दाणा करायचा एवढा निर्णय. विजेच्या गाड्यांनी पेट्रोलची मागणी मंदावली तर रिफायनऱ्यांना सर्वांत जवळचा दरवाजा पीपीचा आहे. एचडीसाठी आधी अख्खा क्रॅकर बांधावा लागतो.

उसरचं गणित मात्र वेगळं. तिथे पहिल्या वर्षी मी उत्पादनाचा आकडा नंतर बघेन, आधी उरणला उतरणाऱ्या प्रोपेनचा भाव बघेन.