व्हर्सायची रेल्वे: एक वाडा, दोन मार्ग

उन्हाळ्यात पॅरिसहून व्हर्सायला जाऊन संध्याकाळी परतायचं म्हटलं की पहिला घोळ स्टेशनाचा. तिथे स्टेशनं तीन. ‘रीव्ह गोश’ म्हणजे डावा काठ, ‘रीव्ह द्रुआत’ म्हणजे उजवा, आणि तिसरं शाँतिए. हे काठ सेन नदीचे, तेही पॅरिसातले. या घोळाचं मूळ 1836 च्या एका कायद्यात आहे.

1789 मध्ये राजघराण्याला पॅरिसला नेल्यापासून व्हर्सायचा राजवाडा बराच काळ ओस होता. 1830 च्या क्रांतीनंतर गादीवर आलेल्या राजाने 1837 मध्ये तिथे राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय उघडलं. त्यासाठी दरबाऱ्यांची जुनी बिऱ्हाडं पाडली, याची हळहळ अभ्यासकांना आजही आहे.

वाडा लोकांसाठी खुला होत असतानाच रेल्वे मंजूर झाली, पण एकाच गावाला दोन! उजव्या काठाची 1839 मध्ये सुरू झाली, डाव्या काठाची 1840 मध्ये. स्पर्धेने प्रवाशांचं भलं होईल, असा युक्तिवाद होता. मला तरी यात दोन बँकर गटांना खूश ठेवण्याचा खटाटोपच जास्त दिसतो. उतारू मर्यादित आणि ते दोघांत वाटले गेले. डाव्या काठाच्या कंपनीला तर वाटेतल्या म्यूदोंच्या दरीवर उंच पूल बांधावा लागला, आणि गाडी धावण्याआधीच तिने सरकारपुढे कर्जासाठी हात पसरले.

भिस्त रविवारच्या गर्दीवर आणि वाड्याच्या बागेतल्या कारंज्यांवर. 8 मे 1842 च्या रविवारी राजाच्या नामदिनाच्या, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवसाच्या, उत्सवासाठी कारंजी सोडली होती. परतीच्या गाडीला पुढे दोन इंजिनं होती. म्यूदोंजवळ पहिल्याचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले आणि पेटले. धावत्या गाडीतून कोणी उडी मारू नये म्हणून दारांना बाहेरून कुलपं घालायची पद्धत होती. निदान पन्नासजण गेले; खरा आकडा किती, यावर वाद आहे. अंटार्क्टिकाहून सुखरूप परतलेला एक दर्यावर्दी पत्नी आणि मुलासह त्यात होता. त्याची ओळख पटली ती कवटीवरून.

त्यानंतर फ्रान्समध्ये दारांना कुलपं घालणं बंद झालं आणि आस वापरून वापरून का मोडतात, याचा अभ्यास इंजिनिअरांनी मनावर घेतला.

आज आरईआर सी ही उपनगरी गाडी डाव्या काठाच्या स्टेशनात जाते. वाडा तिथूनच सर्वांत जवळ, म्हणून स्टेशनाच्या नावात आता ‘शातो’ म्हणजे वाडा हेही जोडलंय. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनाहून जाणारी गाडी मात्र अजूनही उजव्या काठाच्या स्टेशनात सोडते आणि पुढे बऱ्यापैकी चालावं लागतं. सोमवारी वाडा बंद असतो.