गुण आला नाही म्हणण्याआधी

निपाणीकडच्या नैराश्याच्या पेशंटच्या पिशवीत कोल्हापूरची चिठ्ठी असते, मिरजेची असते, बेळगावचीही असते. "चार डॉक्टर झाले, गुण नाही," घरचे सांगतात. पण डॉक्टर चार झाले म्हणून औषधंही चार झाली, असं नाही.

चालू आजारात किमान दोन वेगळी नैराश्यविरोधी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे घेऊनही नीट फरक पडला नाही, तरच नैराश्य उपचारांना दाद देत नाही असं म्हणतात. एक औषध फसलं तर घाबरायचं कारण नाही. 2006 साली निष्कर्ष आलेल्या 'स्टार-डी' या मोठ्या अमेरिकी अभ्यासातही पहिल्या औषधाने जेमतेम तिसरा हिस्सा लोक पूर्ण बरे झाले होते.

घोळ होतो तो फसलेली औषधं मोजण्यात. झोपेसाठी रात्री 10 किंवा 25 मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन दिलेलं असतं. नैराश्याला ते सहसा 75 किंवा त्याहून जास्त लागतं, म्हणून ते हिशेबात धरायचं नाही. एसिटालोप्राम दोन गावांत दोन नावांनी मिळालं तरी औषध एकच. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा. "गोळ्या रोज घेता का?" याला उत्तर 'होय' असंच येतं. "गेल्या आठवड्यात किती चुकल्या?" असं विचारलं की खरं बाहेर पडतं. पहिल्या पंधरवड्यात मळमळ होते, फरक दिसत नाही, आणि गोळी तिथेच सुटते.

मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 तपासायचं. दारू आणि स्टेरॉइडची चौकशी करायची. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर काही नैराश्याची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. पूर्वी कधी झोप कमी होऊनही चार-पाच दिवस अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं का, हे घरच्यांना विचारा. पेशंटला तो आजार वाटतच नाही. तसं असेल तर हा बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद असा आजार असू शकतो, आणि त्याची औषधं निराळी.

फरक मोजायला पीएचक्यू-9 ही प्रश्नावली मराठीत आहे, गुण 0 ते 27. 20 चे 10 झाले तर प्रतिसाद. 5 च्या खाली आले तर आजार उतरला. सिस्टर कन्नड आणि पेशंट मराठी असला की मुलगा दुभाष्या होतो, आणि मरणाच्या विचारांचा नववा प्रश्न तो हळूच गाळतो. तो प्रश्न मराठी येणाऱ्यानेच, पेशंटला एकट्याला विचारावा. उत्तर 'होय' आलं तर सहा आठवडे थांबायचं नाही: पेशंटला एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मराठीतही बोलतो, कन्नडमध्येही.